शेजाऱ्याची पाऊलवाट आणि क्षमेची मर्यादा

धर्मविचारात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या पदार्थांची चर्चा पुष्कळ होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु मनुष्याचे आचरण बहुधा मोठ्या प्रश्नांपाशी अडत नाही. ते दारातल्या लहान प्रश्नापाशी अडखळते. असाच एक प्रश्न येथे विचारास घेतला आहे.

एका उपदेशी गृहस्थाच्या घरामागे परसबाग आहे. त्याने पाणी वाहून वांगी, मिरची, वालाचे वेल जगविले आहेत. शेजारी हातपंपावर जाताना लांबचा रस्ता टाळून त्या बागेतून रोज जातो. तो विचारीत नाही. रोपे तुडविली जातात, फाटक उघडे राहते, मागाहून शेळ्या शिरतात. गृहस्थ हे पाहतो, मनात कढतो आणि काहीच बोलत नाही. कोणी कारण पुसले तर म्हणतो, ‘आपला धर्म क्षमेचा आहे.’ हे मौन क्षमा होय की नव्हे, हा प्रश्न.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न परसबागेपुरता राहत नाही. तो वावरात जातो आणि तेथे उग्र होतो. कपाशी-तुरीचा हा मुलूख. पाऊस लागला की काळी माती पायाला आणि बंडीच्या चाकाला अशी धरते की धुऱ्यावरून चालणे कठीण. मग चालणारा पऱ्हाटीच्या ओळींतून वाट काढतो. पिढ्यांच्या वाटणीने शेते लहान झाली, आतल्या वावरास स्वतःचा रस्ता उरला नाही. जुन्या पांदणी कोठे झुडपांनी बुजल्या, कोठे दोन्ही बाजूंच्या नांगरांनी कोरून खाल्ल्या. उलंगवाडी झाल्यावर गुरे कोणाच्याही वावरातून जातात व कोणी हरकत घेत नाही. पेरणी झाली की तेच पाऊल अपराध ठरते. म्हणजे लोकरीतीनेही वाटेचा विचार काळ पाहून केला आहे. तरीही धुऱ्याच्या आणि वाटेच्या वादातून सख्ख्या भावांचे अबोले झाले, डोकी फुटली, जीवही गेले. यास्तव प्रश्न लहान दिसला तरी त्याच्या पोटात हिंसेचे बीज आहे, हे ध्यानी घ्यावे.

पूर्वपक्ष

या बाबतीत दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे : प्रपंच अनित्य आहे. जमीन कोणाबरोबर गेली नाही. चार रोपे तुडविली म्हणून शेजाऱ्यास शब्द लावणे हे ममत्व होय. धर्मशीलाने पाहूनही न पाहिल्यासारखे करावे. या मताच्या पुष्ट्यर्थ कोणी रिद्धपूरचा दाखलाही देतो. श्रीगोविंदप्रभू रिद्धपुरात कोणाच्याही घरी जात, आवडेल तो पदार्थ घेत. तेथील लोकांनी त्यांस दार बंद केले नाही. मग शेजाऱ्यास कशाला करावे?

दुसरे मत याच्या उलट : आपले ते आपले. एकदा वाट दिली की ती कायमची गेली. म्हणून पहिल्याच दिवशी काटे घालावे, तार ओढावी. पुन्हा पाऊल टाकील तर धडा शिकवावा. दुर्बळाची क्षमा जगात कोणी मानीत नाही.

उत्तरपक्ष

पहिल्या मतात एक शब्द खरा आणि एक खोटा आहे. कार्यरूप प्रपंच अनित्य आहे हे खरे; परंतु अनित्य म्हणजे मिथ्या नव्हे. आपले शास्त्र जगास आभास म्हणत नाही. जे रोप तुडविले गेले ते खरोखर होते, ज्याने ते लावले त्याचे श्रम खरे होते, आणि त्याच्या घरची भाजी खरोखर कमी झाली. दुसऱ्याची हानी अनित्य म्हणून तुच्छ लेखणे सोपे असते. स्वतःच्या ताटातली भाकरी मात्र कोणी अनित्य म्हणून सोडीत नाही. शेजाऱ्याने ‘चार रोपांचे काय एवढे’ म्हणणे आणि मालकाने ‘चार रोपांवरून माझे मन ढळले नाही’ म्हणणे, हे शब्द सारखे दिसले तरी त्यांचे अधिकारी वेगळे आहेत. सोडून देणे ज्याचे गेले त्यालाच शोभते. नेणाऱ्याने ते गृहीत धरू नये.

रिद्धपूरचा दाखला येथे लागू पडत नाही. ईश्वरी अवताराच्या चेष्टा जीवाच्या वर्तनास प्रमाण होत नाहीत. जीवाने त्यांचे अनुकरण करून परगृही शिरावे, हे कोणताही आचार्य म्हणणार नाही. त्या प्रसंगातून घ्यावयाचे असेल तर रिद्धपूरच्या लोकांचा भाव घ्यावा. त्यांचे दार भीतीने उघडे नव्हते. ते प्रेमाने उघडे होते, आणि आपण काय देत आहोत हे त्यांना ठाऊक होते. परसबागेच्या मालकाचे मौन या कसोटीला लावून पाहिले पाहिजे.

मौनाची मुळे शोधली तर बहुधा तीन सापडतात. एक भय : शेजारी दांडगा आहे, बोललो तर अंगावर येईल. दुसरे संकोच : इतक्या लहान गोष्टीसाठी कसे बोलावे, लोक काय म्हणतील. तिसरे आणि सर्वांत सूक्ष्म मूळ म्हणजे मान : मी सोसणारा, तो सोसायला लावणारा, मी उच्च, तो नीच. यांपैकी एकही क्षमा नव्हे. भयाने गप्प राहणारा बळ येताच बोलतो. संकोचाने गप्प राहणारा आडून बोलतो. शेजाऱ्यास सोडून सर्व गावास सांगतो. मानाने गप्प राहणारा तर शेजाऱ्याच्या अपराधावर स्वतःच्या पुण्याची इमारत बांधतो; त्याला तो अपराध थांबलेला मनातून नकोच असतो.

क्षमेस तीन गोष्टी लागतात. अपराध अपराध म्हणून कळलेला असावा. त्याचे निवारण करण्याचा काही तरी मार्ग हाती असावा. आणि तो मार्ग हाती असूनही द्वेष सोडलेला असावा. पहिली नसेल तर ते अज्ञान, दुसरी नसेल तर ती असहायता, तिसरी नसेल तर तो साठा. शेजाऱ्यास आपण बागेतून जातो ते मालकास खुपते हे माहीतच नसेल, तर त्याला क्षमा केली असे म्हणणे म्हणजे न मागितलेले, न सांगितलेले ऋण मनातल्या वहीत मांडून ठेवणे होय. सावकाराच्या वहीत मुद्दल लहान असते आणि व्याज मोठे होते, हे या जिल्ह्यातील शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. न बोललेल्या रागाची रीत तीच.

या ठिकाणी व्यवहाराचा कायदाही विचार करण्याजोगा आहे. कारण तो धर्मविचाराच्या विरुद्ध जात नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम १५ प्रमाणे एखाद्याने दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षे शांततेने, उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून ये-जा केली, तर त्यास त्या वाटेचा हक्क प्राप्त होऊ शकतो. परंतु तीच ये-जा मालकाच्या परवानगीने होत असेल, तर ती हक्क म्हणून झाली असे धरले जात नाही. याचा अर्थ मननीय आहे. जो गप्प राहतो तो हळूहळू गमावतो. जो ‘ही जागा माझी, पण तू खुशाल जा’ असे म्हणतो तो देतो आणि राखतोही. लोक समजतात की सांगणे म्हणजे नाकारणे. वस्तुतः सांगितल्यावाचून देताच येत नाही. न मागता घेतलेली वाट आणि मागून मिळालेली वाट जमिनीवर एकच दिसते. परंतु पहिलीत अपहार आहे, दुसरीत दान आहे. पहिलीचे रूपांतर दुसरीत करण्यास बहुधा एक संभाषण पुरते.

त्याच अधिनियमाचे कलम २२ सांगते की वाटेचा हक्क ज्यास आहे त्यानेही तो असा वापरावा की जमिनीच्या मालकास कमीत कमी त्रास व्हावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याचे कलम १४३ तहसीलदारास शेतात जाण्याच्या वाटेचा निर्णय करण्याचा अधिकार देते; तेथे वाट दुसऱ्याच्या क्रमांकाच्या सीमेवरून, म्हणजे धुऱ्याने, द्यावयाची आहे, वावराच्या मधून नव्हे. हक्काच्या आतही अहिंसेस जागा आहे, हे यावरून दिसते. चालणाऱ्याची गरज खरी आणि लावणाऱ्याचे श्रमही खरे. दोन्ही खरे मानले की वाट आपोआप कडेने जाते.

दुसऱ्या मताचा विचार

आता धडा शिकविण्याच्या मताकडे वळावे. चालणारे सर्व एका प्रकारचे नसतात. कोणी गरजेने चालतो : त्यास दुसरी वाटच नाही. कोणी सोयीने चालतो : दुसरी वाट आहे, पण लांब आहे. कोणी अवहेलनेने चालतो : आपण जातो आणि हा काही करू शकत नाही, हे दाखविण्यास चालतो. गरजेच्या वाटेस कुंपण घालणे हे पाप आहे. अशी वाट रोखणे म्हणजे दुसऱ्याचे पीक त्याच्या वावरातच कुजविणे होय. सोयीच्या वाटेस मर्यादा घालता येते, प्रेमाने देताही येते. अवहेलनेच्या वाटेस निवारणच हवे. तिघांना एकच काटा लावणारा न्याय करीत नाही, राग काढतो.

आणि काटा कोणास लागतो हेही पाहावे. रात्री वाटेत पसरलेल्या बोराटीच्या काट्यांना शेजाऱ्याचे पाऊल आणि त्याच्या पोराचे पाऊल यांतला भेद कळत नाही. कुंपणाच्या तारेत वीज सोडण्याचा प्रकार विदर्भात ठिकठिकाणी घडला आहे. रानडुकरांसाठी म्हणून ती सोडली जाते. तिने माणसे मेली, गुरे मेली, वन्य पशू मेले. याच जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याच्या परिसरात गळ्यात तारेचा फास रुतलेले वाघ आढळले आहेत. तार लावणाऱ्याने वाघाचे काही वैर धरले नव्हते. परंतु हिंसेचे साधन एकदा जमिनीत रोवले की ते लावणाऱ्याच्या हेतूस विचारीत नाही. सर्वज्ञांनी आश्रयास आलेल्या सशास पारध्यांपासून रक्षिले, ही लीळा सर्वश्रुत आहे. तो ससाही न विचारताच आला होता. त्या लीळेचे श्रवण करणाऱ्याने आपल्या वाडीच्या कडेला मरण लावून ठेवावे, हे कोणत्याही युक्तिवादाने जुळत नाही. शेळी शिरू नये म्हणून घातलेले कुंपण रक्षण आहे. शेजाऱ्यास दुखावे म्हणून घातलेले तेच कुंपण हिंसा आहे. कुंपण एकच, हेतू दोन. आणि त्या दोहोंतला भेद लावणाऱ्याच्या मनास पुरता ठाऊक असतो.

दृष्टांत

केशोबासांच्या दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक असा क्रम आहे. त्या क्रमाचा आधार घेऊन येथे एक कल्पित प्रसंग पाहू.

एका गावी दोन गृहस्थ होते. दोघांच्याही वाडीतून त्यांचे त्यांचे शेजारी ये-जा करीत. पहिला गृहस्थ सात वर्षे काही बोलला नाही. लोक म्हणत, काय सोशिक मनुष्य! आठव्या वर्षी पावसाळ्यात त्याने आणलेले लिंबाचे कलम शेजाऱ्याच्या पायाखाली गेले. कलम दहा रुपयांचे. परंतु त्या क्षणी सात वर्षांची वही उघडली. त्याने कुऱ्हाडीचा दांडा उचलला. शेजारी रक्तबंबाळ झाला आणि पडता पडता म्हणाला, ‘सात वर्ष बोलले नाई, अन् आज मारता?’

दुसरा गृहस्थ तिसऱ्याच दिवशी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसला. दंडवत केला, पाणी प्याला आणि म्हणाला, ‘भाऊ, वाट जवळची पडते म्हून तुमी वाडीतून जाता, हे मले समजते. जा. पन मधातून गेल्यानं रोपं तुडवल्या जातात. वेलाच्या कडेनं जा, अन् फाटक लावत जा.’ शेजारी ओशाळला. पुढे तो कडेने जाऊ लागला. कधी फाटक उघडे राही. तेव्हा गृहस्थ ते स्वतः लावी आणि मनात काही ठेवीत नसे.

दार्ष्टांतिक

पहिल्याने क्षमा केली नव्हती, साठविले होते. म्हणून शेजाऱ्याचा प्रश्न त्याला निरुत्तर करणारा ठरला. दुसऱ्याने प्रथम सत्य सांगितले, नंतर दिले, आणि मग जी चूक उरली ती सोडली. त्याने लावलेले ते उघडे फाटक हीच क्षमा होय; कारण तेथे अपराध दोघांसही ठाऊक आहे, पुन्हा बोलण्याची मुभा आहे, आणि तरी द्वेष नाही. क्षमेचे स्थान सत्यानंतरचे आहे. सत्याच्या आधी तिला आणून बसविली की ती क्षमा राहत नाही, क्षमेचे सोंग होते.

एक आक्षेप येथे उरतो. सांगूनही न ऐकणारा शेजारी असेल तर? तर दुसऱ्यांदा सांगावे. या वेळी दोघांसही मान्य असा वडीलधारा बरोबर न्यावा. तेवढ्याने न झाले तर गावापुढे मांडावे. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती असे वाद गावातच मिटावे याच हेतूने. तेही न साधले तर तहसीलदाराकडे वा न्यायालयात जाणे हा अधर्म नव्हे. द्वेषावाचून न्याय मागता येतो. रोग्याचा द्वेष न करता वैद्य रोगाचा उपाय करतो तसा. मात्र दावा जिंकणे हे जीवनाचे प्रयोजन होऊ लागले, धुऱ्याच्या वीतभर मातीसाठी वावर विकण्याची वेळ आली, की साधकाने जाणावे, वाट आता शेजाऱ्याच्या पायाखाली नाही, आपल्याच मनातून जाते आहे. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ प्रमाणे वाट अडविली गेल्याची तक्रार सहा महिन्यांच्या आत करावी लागते. तंटा आंबवीत ठेवू नये, हे शहाणपण त्या मुदतीतूनही घेता येईल.

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. ‘सांगावे’ हे म्हणणे सोपे. परंतु सांगण्याचे बळ सर्वांस सारखे नसते. ज्या विधवेच्या वाडीतून गावातल्या दांडग्याची बैले जातात तिचे मौन आणि सधन गृहस्थाचे मौन यांची तुलना होऊ नये. तिला क्षमेचा उपदेश करणारा दांडग्याचीच सेवा करतो. तेथे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिच्या वतीने बोलावे. तिच्या वाडीची राखण हा त्यांचा धर्म आहे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. या देशात वाट अडविणे हे बळवंतांचे जुने शस्त्र आहे. अस्पृश्य म्हणून ज्यांस लोटले त्यांस वाटा आणि पाणवठे बंद होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना जे करावे लागले ते त्यामुळेच. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस वहिवाटीचा रस्ता नाकारणे हा अपराध म्हणून घालावा लागला. यास्तव ‘माझी जमीन’ म्हणणाऱ्याने, आपण रोपे राखतो आहोत की माणसास दूर ठेवतो आहोत, हे स्वतःस विचारावे. ज्यांच्या परंपरेने जातिभेदास मान दिला नाही, त्यांच्या कुंपणास ही परीक्षा अधिकच लागू आहे.

उपसंहार

शेवटी साधनवंतांविषयी. कोणी म्हणेल, ज्याने घर सोडले त्यास परसबागेचा हा प्रश्न कोठून? परंतु अटन करणारा भिक्षू तर आयुष्यभर दुसऱ्याच्याच जमिनीवरून चालतो. त्याची प्रत्येक वाट कोणाच्या तरी धुऱ्याने जाते. तो मालकाच्या बाजूस नसला तरी चालणाऱ्याच्या बाजूस आहे. म्हणून पेरलेल्या वावरातून आडवे न जाणे, कुंपण मोडून जवळची वाट न काढणे, उघडलेले फाटक लावणे, हा त्याच्या अहिंसेचाच भाग आहे. मठ-आश्रमांच्याही जमिनी असतात, त्यांच्याही कडेला शेजारी असतात. तेथे गावास दिसते ते आचरण हेच निरूपण ठरते.

गृहस्थाने मनात एवढे धरावे : जे खुपते ते ज्याने केले त्यासच सांगावे, वेळेवर सांगावे, गोड सांगावे. देता येईल तितके सांगून द्यावे. न देता येईल ते राखावे, परंतु कोणास दुखापत होईल अशा साधनाने राखू नये. आणि एवढे केल्यावर जे उणे राहील ते सोडावे. सकाळी ज्या तोंडाने शेजाऱ्यास दंडवत म्हणावयाचे, त्याच्या मागे मनात वही उघडी असू नये. वाट एक हात रुंद असते. तिच्यासाठी जन्मभराचा शेजार गमावू नये, आणि शेजार राखण्याच्या नावाखाली सत्यही गमावू नये.